मायच्या घरची विजेची शेगडी

माय,

तुला वास येत नाही, हे तू कितीतरी महिने कुणाला कळू दिलं नाहीस. न्हाणीत पाय घसरून तू पडलीस, डोक्याला मागच्या बाजूनं टाके पडले, तेव्हा मी रजा टाकून धुळ्याहून आले होते. टाके निघाले, जखम भरली, तू पुन्हा पोळपाट-लाटणं हातात घेतलंस आणि मी निर्धास्त होऊन परत गेले. त्यानंतर दर शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की मी जळगावची बस धरायचे, रविवारी संध्याकाळी परतायचे. एवढ्या फेऱ्यांमध्ये माझ्या काही लक्षात आलं नाही असं नाही, पण जे लक्षात आलं त्याचा अर्थ मी भलताच लावला. एकदा तू मला वाढलेलं वरण आंबलेलं होतं. मी पहिल्या घासाला थांबले, तू मात्र तेच वरण भाताबरोबर शांतपणे जेवत होतीस. मला वाटलं, वय झालं, अन्न टाकवत नसेल. त्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या धने, खोबरं, दगडफूल घेऊन तुझ्याकडे काळा मसाला भाजायला आल्या. दरवर्षी तू कढईजवळ नुसती बसायचीस, आणि वास एका ठरावीक जागी पोचला की म्हणायचीस, उतारा. त्या वर्षी तू त्यांना दारातूनच सांगितलंस की गुडघे धरलेत, यंदा बसवणार नाही. मी तुला गुडघ्यांना चोळायला तेल आणून दिलं. तू ते गुमान ठेवून घेतलंस.

गॅसवर तुझा किती जीव होता ते मला माहीत होतं, म्हणून पुढचं सगळं जास्त अवघड झालं. पिंपळनेरच्या शाळेत तू मास्तरीण होतीस तेव्हा आपल्या खोलीत चूल होती. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून फुंकून तुझे डोळे लाल व्हायचे आणि तशाच डोळ्यांनी तू वर्गावर जायचीस. नंतर जळगावला आबांनी तुमच्या संसाराला दोन खोल्या बांधल्या, गॅससाठी नंबर लावला, आणि तो नंबर यायच्या आत आबाच गेले. पुढे कधीतरी सिलिंडर घरी आला. शाळेत तू कधी अहिराणीचा एक शब्द काढत नसायचीस, घरात मात्र दुसरं काही बोलत नसायचीस. त्या दिवशी तू बटण फिरवून काडी लावलीस, पुन्हा विझवलीस, पुन्हा लावलीस, आणि मला हाताला धरून म्हणालीस, “देख व पोर, निळं फूल.” तुला इतकी खूश मी क्वचितच पाहिली असेल.

आता तो मे महिन्यातला शनिवार. जळगावची दुपार तुला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं नाही, सगळ्यांच्या खिडक्या ऊन आत येऊ नये म्हणून लावून घेतलेल्या. मी बसस्टँडवरून चालत येते, डोक्यावर पदर, हातात तुझ्यासाठी आणलेली द्राक्षं. दार नुसतं लोटलेलं आहे. ते ढकलते आणि गॅसचा वास एकदम नाकातोंडात शिरतो. इतका, की डोळ्यांना पाणी येतं. आणि तू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी आहेस. मला पाहून तुझा चेहरा उजळतो. “उनी का? बैस, चहा टाकस,” म्हणतेस आणि काडेपेटी उचलतेस.

मी ओरडले. काय ओरडले ते शब्द आठवत नाहीत, पण असा आवाज आपल्याला आहे हे मला त्या दिवशी कळलं. द्राक्षं तिथंच पडली. मी तुझ्या हातातली पेटी हिसकून घेतली, तुला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं आणि पुन्हा आत जाऊन आधी सिलिंडर बंद केला, मग खिडक्या उघडल्या. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि बटण तसंच उघडं होतं. ज्योत दिसत नाही म्हणजे आपण बंद केलंय, असं समजून तू बाहेरच्या खोलीत जाऊन पडली होतीस.

अंगणात तू चपलांशिवाय तापलेल्या फरशीवर उभी होतीस. एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत होतीस आणि तरी मलाच रागावत होतीस. “डोकं फिरनं का तुनं? मायले अशी वढतस का?”

“माय, घरभर गॅस झालाय. तुला वास नाही आला?”

“सर्दी व्हयेल शे.”

“मे महिन्यात?”

तू पदर नीट केलास. नळाकडे बघत राहिलीस, जसं काही पाणी यायची वेळ झाली होती.

“केव्हापासून येत नाही वास?”

मग हळूच म्हणालीस, “पडनू तवयपासून. बठ्ठं सारखंच लागस आते. पानी काय नि वरण काय.”

माय, हे वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. तू इतके महिने रांधत होतीस ते नुसतं आठवणीवर. मीठ हाताच्या सवयीनं, फोडणी कानानं आणि डोळ्यांनी. मी जेवून बोटं चाटत होते आणि तू माझ्या तोंडाकडे बघून जमलं की नाही ते ओळखत होतीस.

नाक-कानाच्या डॉक्टरांनी कापसाला काय काय लावून तुझ्या नाकाशी धरलं. तू प्रत्येक वेळी वर्गातल्या हुशार मुलीसारखी विचार करून उत्तर दिलंस आणि प्रत्येक उत्तर चुकलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं, कधी परत येतो वास, कधी नाही येत. बाहेर रिक्षात मी तुला म्हटलं, धुळ्याला चल. तू म्हणालीस, “मना घरमा मी बरी.” मग गॅस काढू, विजेची शेगडी बसवू, असं मी म्हटलं. त्यावर तू घर येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसलीस.

ते भांडण आपण पुढचे दोन-तीन शनिवार भांडलो. विजेवर भाकरी फुगत नाही, पापड भाजता येत नाही, वांगं तर ठेवायची सोयच नाही, आणि गल्लीत वीज दिवसातून किती वेळा जाते ते तुला धुळ्यात बसून काय कळणार, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, उपाशी राहिलीस तर मरणार नाहीस, पण गॅसनं घर उडेल. त्या दिवसांत मला कचेरीत बसल्या बसल्या ते घर उडालेलं दिसायचं. भिंत पडलेली, आणि तिच्याखाली तुझी निळी काठाची साडी. एका रविवारी मी तुझ्याशी फार चढ्या आवाजात बोलले. तू भाकरी थापता थापता, मान वरही न करता म्हणालीस, “तुले गॅस पाहिजे व्हता तं तसं सांगानं.”

आमच्या घरी तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह होता. धुळ्यात नंबर लावलेला होता, तो कधी येईल याचा पत्ता नव्हता. हे तुला माहीत होतं आणि म्हणूनच तू ते बोललीस. मी पर्स उचलली आणि निघाले. पारोळा येईपर्यंत बसमध्ये रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरी कुणी गेलं का? पण पुढच्या शनिवारी मी परत आले ती ठरवूनच. हातगाडीवर दोन्ही सिलिंडर घातले, एजन्सीत नेले आणि जमा करून टाकले. तुमच्या नावावर करून घ्या, असं तिथला माणूस सुचवत होता. मी नको म्हटलं. घरी येऊन तुला सांगितलं, कुणालाच नाही दिला, परत केला. तू “बरं” म्हणालीस. धुळ्याला मी हे तुझ्या जावयांना सांगितलं तेव्हा तेही “बरं” एवढंच म्हणाले आणि स्टोव्हला पिन मारत बसले.

वायरमन आला, त्यानं मीटरपासून जाड वायर ओढली, ओट्याच्या वर मोठा स्विच बसवला. उघड्या तारेची शेगडी घेऊ नका, भांडं टेकलं की झटका बसतो, असं तो म्हणाला, म्हणून आपण लोखंडी बंद चकतीची घेतली. तू पहिल्या दिवशी तिच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिलीस. “आग तं दिसस नही. पेटनी का नही, कसं समजानं?” मी म्हटलं, वर तळहात धर, लांबून. तू धरलास. थोड्या वेळानं चटका जाणवला तसा हात मागे घेतलास आणि कोऱ्या चेहऱ्यानं तवा ठेवलास. पहिली भाकरी पांढरीच राहिली, दुसरी करपली. तू दोन्ही पाटीवरच्या चुकीच्या गणितासारख्या बाजूला सारल्यास आणि तिसरी थापायला घेतलीस. आठवड्याभरात तुला जमलं. तक्रार तू सोडली नाहीस, पण जमलं.

मला मात्र काही जमलं नाही. मला वाटलं होतं, गॅस गेला की माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला नाही, त्यानं नुसती कूस बदलली. आता मला तुझे ओले हात दिसायचे आणि तो स्विच. भारनियमनाचे दिवस होते. कचेरीत डोक्यावरचा पंखा थांबला की मनात यायचं, जळगावलाही वीज गेली असेल का? माय शेगडीचं बटण बंद करेल ना? पंखा पुन्हा फिरायला लागला की त्याहून वाईट. आली वीज. आता तिकडे ती चकती कुणाच्या नकळत तापत असेल. माझ्या टेबलाशेजारचा क्लार्क म्हणायचा, बाई, वीज आली की सगळे खूश होतात, तुमचंच तोंड का उतरतं?

पावसाळा संपत आला होता तेव्हा तो फोन आला. कचेरीत एकच फोन, मोठ्या साहेबांच्या टेबलावर. पलीकडे आपल्या शेजारच्या अक्का होत्या. त्यांनी आयुष्यात कधी फोन केला नव्हता, म्हणून त्या हाक मारल्यासारख्या ओरडत होत्या. “पोरी, लवकर ये वं. तुह्या मायच्या घरात...” आणि लाईन तुटली. साहेबांनी पुन्हा लावून पाहा म्हटलं. कुठं लावणार? तुझ्याकडे फोन नव्हता, अक्कांकडे नव्हता, ज्या बूथवरून त्या बोलल्या त्याचा नंबर मला माहीत नव्हता.

त्या बसमध्ये मी कशी बसले ते आजही अंगावर येतं. धुळ्याहून जळगाव म्हणजे काही परदेश नव्हे, पण त्या दिवशी रस्ता सरेचना. पारोळ्याला ड्रायव्हर चहाला उतरला आणि बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायला लागला. मी खिडकीतून त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याच्या हातातली बशी फेकून द्यावीशी वाटत होती. गॅस मी काढला. विजेची शेगडी मी आणली. आता जे झालं असेल ते माझ्याच हातानं झालंय, एवढंच मनात फिरत होतं. एरंडोलपासून तर मी डोळेच मिटून घेतले, कारण उघडले की रस्त्याच्या कडेनं जाणारी प्रत्येक पांढऱ्या केसांची बाई तू वाटायचीस.

दारात माणसं उभी होती. त्यांना बाजूला सारून मी आत गेले तर तू खाटेवर बसलेली. जिवंत. एका हाताच्या बोटांना ओलं फडकं गुंडाळलेलं, केसांत राख. मी खाली बसले ती तुझ्या पायापाशीच. झालं होतं असं: सकाळी भाजी अर्धी शिजली असताना वीज गेली. तू पातेलं उतरवलंस, बटण तसंच राहिलं. चकती गार होऊन गेली आणि जागा मोकळी दिसली म्हणून तू तिच्यावर फडक्यात गुंडाळलेली भाकरीची टोपली ठेवलीस आणि बाहेर पेपर वाचत बसलीस. वीज कधी आली ते तुला कळलं नाही. फडकं जळालं, टोपली जळाली, खिडकीचा पडदा पेटला, आणि दोन पावलांवर बसून तुला धुराचा वास आला नाही. वास आला तो भिंतीपलीकडे अक्कांना. त्या धावत आल्या, त्यांनी मेन स्विच खाली ओढला आणि माठातलं सगळं पाणी ओतलं. तू मात्र त्या जळत्या टोपलीला हात घातलास, का ते कुणालाच समजलं नाही.

मी काही बोलायच्या आधी तूच बोललीस. माझ्याकडे न बघता. “गॅस तं तू पहिलेच काढा. आते वीजबी काढ. मंग ऱ्हायनं कोन? मालेबी काढी टाक आठेन.”

मी तुझा फडकं गुंडाळलेला हात धरला होता. गॅस नको आणि वीजही नको, तर मग काय? जे गेलं होतं ते शेगडी बदलून परत येणारं नव्हतं, हे मला तेव्हा, त्या ओल्या काळ्या स्वयंपाकघराकडे बघताना पहिल्यांदा कळलं. तुझे डोळे कोरडे होते, मी मात्र रडत होते, आणि दारातली माणसं एकेक करून निघून जात होती.

अक्का गेल्या नव्हत्या. त्या असोदा गावच्या, विधवा, तुझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांची बोली वेगळी, तुझी वेगळी, आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या बोलण्याला हसायच्या. भिजलेल्या लुगड्यात त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “कायले भांडता मायलेकी? हिचं नाक गेलं, माह्या नाकाले काय झालं? ही रांधेल तवा मी येऊन बसत जाईन. मले घरात एकटीले कोणतं काम आहे?”

“रोज कोन येस?” तू म्हणालीस.

“नाही आली तर रांधू नको. माह्या घरी जेव.”

तू सरकून खाटेवर अक्कांना जागा केलीस. माय, मी तुझ्यासाठी डॉक्टर शोधला, वायरमन आणला, हातगाडी आणली, आणि भिंतीपलीकडच्या बाईला विचारावं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

माझी काळजी काही एका दिवसात गेली नाही. वायरमनला पुन्हा बोलावून मी स्विचवर लाल दिवा बसवून घेतला, आणि तू रांधून झालं की शेगडीची पिन भिंतीतून उपटून खुंटीला अडकवायला लागलीस. तरी कचेरीतला पंखा थांबला की मी दचकायचेच. पण त्या हिवाळ्यात एकदा मी नेहमीच्या आधी पोचले. अंगणात पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळाची राख होती, अक्कांनी असोद्याची वांगी त्यावर भाजून दिली होती. आत तुम्हा दोघींची पाठ माझ्याकडे. तू शेगडीपुढं उभी, हातात पळी. अक्का पाटावर, डोळे मिटून.

“लसूण?” तू विचारलंस.

“कच्चा आहे.”

“आते?”

“थांब वं जरा. घाई कायले करते? ... हं. आला. टाक वांगं.”

तू वांगं टाकलंस, चर्र झालं, आणि तू मान थोडी तिरकी करून तो आवाज ऐकत राहिलीस. मी चपला हातात घेऊन दारात उभी होते. आत जावंसं वाटेना. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघींनी मिळून गल्लीचा मसाला भाजला. कढईत हात तुझा, ‘उतारा’ म्हणायचं अक्कांनी. बायका म्हणाल्या, मसाला पहिल्यासारखाच झालाय. तू मला विचारलंस, खरंच झालाय का? मी चिमूट जिभेवर ठेवून हो म्हटलं. तो पहिल्यासारखा नव्हता, थोडा जास्त भाजलेला होता, अक्कांच्या हिशेबाचा. पण चांगला होता.

त्यानंतर तू बरीच वर्षं जगलीस. वास काही परत आला नाही. गॅसनं नाही, विजेनं नाही, तू गेलीस ती दुपारी जेवून पडल्या पडल्या, हृदय थांबून. मी ज्याला ज्याला भीत आले त्यातलं काहीच तुझ्याकडे आलं नाही. जे आलं त्याची मला कधी शंकाही आली नव्हती.

आता अक्काही नाहीत. ते घर दुसऱ्या कुणाचं आहे, आणि हे कागद तिथं पाठवले तर ती माणसं काय समजतील? पाठवायचे नाहीतच. परवा सुनेनं काचेसारखी गुळगुळीत विजेची शेगडी आणली आणि म्हणाली, आई, तुम्हाला तर सवय असेल, आजींकडे होती ना? मी म्हटलं, होती की. तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. मी इतक्या हट्टानं तुझ्या ओट्यावर बसवलेली ती शेगडी, माय, मी एकदाही लावली नाही. मला विजेची भीती वाटायची. दर शनिवारी तू म्हणायचीस, दमी उनी, बैस, मी टाकस चहा, आणि मी मुकाट्यानं बसायचे. तू गेलीस त्या दिवशी घरात माणसं जमली, कुणीतरी चहाचं म्हटलं, म्हणून मी आत गेले. त्या स्विचपुढं हात पुसत बराच वेळ उभी राहिले, आणि मग अक्कांना हाक मारली.